आमची वाटचाल : लेझर बदनाम झालं तो सीझन

वणीजवळ शेड टाकून आम्ही लेझर क्लॅडिंग (लेझरने धातूची पावडर वितळवून झिजलेल्या भागावर नवा थर चढवणं) सुरू केलं, तेव्हा पहिलं काम दिलं एका जिनिंगवाल्या काकाजींनी. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा शाफ्ट, बेअरिंग बसते ती सीट खाल्लेली. आधी वेल्डिंगने भरला तेव्हा वाकला होता. आर्क वेल्डिंगच्या भरावात मूळ धातू बराच मिसळतो, उष्णताही खोल जाते. लेझरमध्ये हे डायल्यूशन ५ ते १० टक्क्यांत ठेवता येतं आणि शाफ्ट सरळ राहतो.

आमचं खरं हत्यार म्हणजे नोझल. तांब्याचं, पाण्याने गार होणारं. आरगॉन वायूसोबत पावडर चहूबाजूंनी नेमकी वितळत्या धातूत पडली पाहिजे. टोकाला वितळलेल्या पावडरचा एक छर्रा चिकटला तरी पावडरची धार तिरकी होते, म्हणून ते मी स्वतः साफ करतो. पावसाळ्यात पावडर ओव्हनमध्ये कोरडी करूनच भरतो, नाहीतर थरात पोकळ्या राहतात.

मग तो सीझन आला. जिल्ह्यातल्या एका दुकानाने थर्मल स्प्रेचं (तापवलेला माल फवारून थर देण्याचं) काम ‘लेझर’ म्हणून निम्म्या भावात विकलं. स्प्रेचा थर खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला नुसता धरून असतो, खालच्या धातूशी एकजीव होत नाही. कापूस ऐन भरात असताना त्यांचे थर पापुद्र्यासारखे निघाले आणि बदनाम झालं लेझर. आमची खदानीची कामं थांबली, बँकेचा हप्ता थकला, हाताखाली तयार झालेली पोरं सोडून गेली. त्याच दिवसांत काकाजी दुसरा शाफ्ट घेऊन दारात. “भाऊ, माहा शाफ्ट त चालूनच रायला. लोकाइचं कायले आयकू?”

तेव्हा पुरावा म्हणून आम्ही ३१६एल या स्टेनलेस स्टीलचा ठोकळा थरावर थर चढवून उभा केला, आडवे-उभे नमुने कापले आणि नागपूरला टेन्साइल चाचणीला (ओढून ताकद मोजायला) दिले. धातू झपाट्याने गार होतो, दाणा बारीक राहतो, त्यामुळे यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) अॅनिल केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या मालापेक्षा चढी आली. थरांना काटकोनात ओढलेल्या नमुन्यांत इलाँगेशन (तुटण्याआधी लांबणं) कमी पडलं. तेही आकडे आम्ही लपवले नाहीत. त्या दुकानाने आजवर एक रिपोर्ट दाखवलेला नाही, पण बोर्डावर ‘लेझर’ अजून आहे.

हळूहळू खदानवाले परतले.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण नमुना कोणत्या दिशेने कापला ते विचारा. नुसत्या वरच्या हार्डनेसवर (कडकपणावर) बिल पास करू नका, थरापासून मूळ धातूपर्यंत मायक्रोहार्डनेस (बारीक ठशांनी जागोजागी मोजलेला कडकपणा) मागा. शाफ्ट ईएन-२४ चा (चटकन कडक होणाऱ्या मिश्र पोलादाचा) असेल तर आधी तापवला होता का, हेही विचारा. थंड शाफ्टवर थराखालचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो, चीर तिथूनच सुटते.