यूएसबीची वायर आणि जुना पॅरलल पोर्ट

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला जुन्या प्रिंटरमध्ये खोचायचा ३६ पिनांचा सेंट्रॉनिक्स कनेक्टर असलेली वायर बाजारात सहज मिळते, आणि पाकिटावरचा ‘पॅरलल’ हा शब्द वाचून अनेक जण असे समजतात की संगणकातून नाहीसा झालेला एलपीटी पोर्ट, म्हणजे प्रिंटर जोडायचा जुना पॅरलल पोर्ट, आपल्याला परत मिळाला. विंडोजला मात्र तिथे फक्त एक यूएसबी प्रिंटर दिसतो; यादीत ‘यूएसबी००१’ येते, ‘एलपीटी१’ येत नाही.

जुन्या पीसीत हेक्साडेसिमल (सोळा-आधारी) ३७८ या पत्त्यावर प्रोग्रॅमने एक बाइट लिहिला, की २५ पिनांच्या सॉकेटमधील २ ते ९ या पिनांवर तो लगेच उमटत असे. ३७९ वरून प्रिंटर बिझी आहे की कागद संपला आहे हे वाचता येई आणि ३७ए वरून स्ट्रोब, म्हणजे ‘बाइट तयार आहे, उचल’ असे प्रिंटरला सांगणारा संकेत, खाली-वर करता येई. या थेट ताब्यामुळेच ईप्रॉम प्रोग्रॅमर (मेमरी चिपमध्ये माहिती भरणारी उपकरणे), सॉफ्टवेअरचे डाँगल (परवान्याची किल्ली) आणि सीएनसी यंत्रेही (संगणकाच्या हुकमाने कापणारी-कोरणारी) या पोर्टाला जोडली गेली. यूएसबी वायरीतील चिप स्ट्रोब-बिझीचा सगळा व्यवहार स्वतःच उरकते आणि संगणकाला असा पत्ता देतच नाही, त्यामुळे ३७८ वर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचे पलीकडे ऐकणारे कोणी नसते.

सीएनसीच्या बाबतीत तर पत्त्याचे सोंग आणले तरी वेळेचे सोंग आणता येत नाही. माक-३ हे सीएनसी यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर २५ किलोहर्ट्झवर चालवले, तर पिनेची स्थिती दर ४० मायक्रोसेकंदांनी बदलू शकते. फुल-स्पीड यूएसबीचा व्यवहार १ मिलिसेकंदाच्या चौकटींत चालतो आणि तेवढ्यात अशा २५ संधी निघून गेलेल्या असतात. म्हणून माझ्या मते इथे जीआरबीएल (सीएनसी चालवणारा प्रोग्रॅम) घातलेला अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड अधिक शहाणपणाचा, कारण त्यात यूएसबीवरून केवळ जी-कोड (यंत्राने कुठे सरकायचे याच्या लेखी सूचना) जातो आणि मोटरी हलवणाऱ्या पल्स बोर्डच तयार करतो. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचे कार्डही बसवता येते आणि तो खराखुरा पोर्ट असतो. पण त्याचा पत्ता सहसा ३७८ नसतो, तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून प्रोग्रॅमला सांगावा लागतो, आणि तशी सोय नसलेल्या प्रोग्रॅमची गाडी तिथेच अडते.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांचे त्या मानाने बरे आहे. कार्बन कॉपीसह बिले हवीत म्हणून एप्सन किंवा टीव्हीएसचा जुना प्रिंटर सांभाळून असलेल्या दुकानदाराला ही वायर पुरते. प्रिंटर ‘जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरने बसवावा, त्याच संगणकावर शेअर करावा आणि ‘नेट यूज’ या कमांडने एलपीटी१ हे नाव त्या शेअरला जोडावे, म्हणजे एलपीटी१ कडे बिल पाठवणारा जुना प्रोग्रॅम निमूटपणे छापू लागतो. (प्रोग्रॅम १६-बिट डॉसचा असेल, तर ६४-बिट विंडोजवर तो मुळात उघडतच नाही; ते दुखणे वेगळे.) शेअरचे नाव छोटे आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे. वायर दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये खोचली, तर विंडोज बरेचदा ‘यूएसबी००२’ असा नवा पोर्ट तयार करते आणि बिले रांगेत अडकून राहतात. म्हणून एका परिचितांच्या दुकानात मी ठरलेल्या सॉकेटवर रंगीत चिकटपट्टी लावून दिली आहे.