रूळ तेच, मग चढ कुणाचा?

दहावीला निर्देशक भूमिती शिकवताना गेली १७ वर्षे मी फळ्यावर एक सूचना चौकटीत लिहीत आले आहे: ‘वाय निर्देशकांतील फरकाला एक्स निर्देशकांतील फरकाने भागले की रेषेचा चढ मिळतो, वजाबाकीचा क्रम वर आणि खाली एकच ठेवा.’ मग काही उदाहरणे, समांतर रेषांचे समान चढ, एकरेषीय बिंदू, आणि प्रकरण संपते. कर्जतमधल्या आमच्या शाळेत यंदाही ते असेच संपले होते. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटल्या त्या दिवशी ते पुन्हा उघडावे लागले.

चाचणीत अ(−२, ५) आणि ब(४, १) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ विचारला होता. उत्तर −२/३ आहे. एका मुलीने २/३ लिहिले, म्हणून मी गुण कापला आणि समासात ‘चिन्हाकडे लक्ष’ असा शेरा मारला. तास संपल्यावर ती कागद घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, मी लक्ष देऊनच लिहिलंय. चढ म्हणजे वर जायचं ना? मग ‘ब’कडूनच निघायला हवं. सहा आडवं, चार वर.” थोडे थांबून ती म्हणाली, “माझे बाबा रेल्वेत आहेत. लोणावळ्याला जाताना चढ, तिकडून येताना उतार. रूळ तेच. मग ही रेषा चढाची की उताराची, हे ठरवतं कोण?”

मी म्हणाले, “सूत्रात किमती घाल, चिन्ह आपोआप येतं.” ती “हो बाई” म्हणाली आणि तिने कागदाची घडी घातली. समजले नाही आणि आता विचारायचेही नाही, असे ठरवल्यावर मुले जे ‘हो बाई’ म्हणतात, ते मला चांगले ओळखता येते.

त्या संध्याकाळी मी ४३ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा काढला. ११ जणांचे उत्तर २/३ होते आणि त्या अकराही जणांनी ५ − १ आणि ४ − (−२) अशीच वजाबाकी केली होती, म्हणजे दोन्ही ठिकाणी मोठ्यातून लहान संख्या वजा केली होती. प्राथमिक शाळेपासून आपणच त्यांना ही सवय लावतो, आणि वर ‘चढ’ हा शब्द असा की तो कानावर पडताच मूल वरची दिशा धरते. हा निष्काळजीपणा नव्हता. शिक्षकांच्या खोलीत मी हे बोलून दाखवले, तेव्हा एक सहकारी म्हणाले की बोर्डाच्या पेपरात ‘का’ विचारत नाहीत, सूत्र लिहिले की गुण मिळतात. ते खरे आहे आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक न उघडता घाटापासून सुरुवात केली. कर्जत आणि लोणावळा यांच्यामधल्या भोर घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि त्याचा सर्वांत कडक चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. फळ्यावर मी १११ सेंटिमीटरची आडवी रेषा आखली, तिच्या उजव्या टोकाला ३ सेंटिमीटर उंचीवर खूण केली आणि दोन मुलांना खडूने माखलेली दोरी ताणून धरायला सांगितली. दोरी झटकून सोडल्यावर उमटलेली रेषा पाहून वर्ग म्हणाला, “ही तर आडवीच आहे!” तो कोन दीड अंशाहून किंचितच मोठा आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे तिला मागून ढकलणारी जादा इंजिने लावावी लागतात. मग त्या मुलीने रुळांच्या कडेच्या चढाच्या पाट्यांविषयी सांगितले, की पाटीवर ३७ असेल तर चढ कडक आणि १०० असेल तर सौम्य. अर्ध्या वर्गाला हे उलटे वाटत होते, त्यामुळे १/३७ आणि १/१०० यांची तुलना करण्यात दहा मिनिटे गेली, आणि ती सत्कारणी लागली.

त्यानंतर आलेख कागदावर अर्ध्या वर्गाला ‘अ’कडून ‘ब’कडे आणि उरलेल्यांना ‘ब’कडून ‘अ’कडे ‘चालायला’ लावले. पहिले सहा उजवीकडे आणि चार खाली गेले: −४/६. दुसरे चार वर गेले, पण सहा डावीकडे: ४/−६. दोन्हींचे उत्तर −२/३. तिचे ‘चार वर’ अगदी बरोबर होते. निसटले होते ते डावीकडच्या सहाचे ऋण चिन्ह. आणि ते का निसटले, हेही मला तेव्हाच उमगले. गाडी कोणत्याही बाजूला जावो, चालकाचे अंतर नेहमी पुढेच वाढते, म्हणून दिशा फिरली की त्याच्या चढाचा उतार होतो. कागदावर मात्र उजवी बाजू कायमची धन ठरवलेली असते, त्यामुळे दिशा फिरवली तर वरची आणि खालची अशी दोन्ही चिन्हे एकदम बदलतात आणि चढ तोच राहतो. १७ वर्षांत हे मी एकाही वर्गाला सांगितले नव्हते.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने आलेख कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. मागून तीच रेषा वर चढत जाताना दिसत होती. “बाई, आता?”

मी तिला अक्षावरचे आकडे वाचायला सांगितले. कागदातून उमटलेल्या उलट्या आकड्यांवर बोट ठेवत ती ४पासून −२पर्यंत उजवीकडे सरकली. “एक्स सहाने कमी झाला आणि वाय चारने वाढला,” ती हळू म्हणाली, “म्हणजे दिसायला चढ, पण अजून −२/३च.” मग कागद तसाच धरून तिने विचारले, “आणि हे आकडे पुसले तर?”

तेवढ्यात घंटा झाली. त्या ११ उत्तरपत्रिकांवरचा माझा शेरा मी खोडला आहे. त्या जागी काय लिहावे, ते अजून ठरलेले नाही.