शेजारच्या चॅनेलवरची जागा

2018 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या लघुशक्ती, म्हणजे कमी शक्तीने छोट्या परिसरापुरते प्रक्षेपण करणाऱ्या, टीव्ही केंद्रांसाठी मोकळे चॅनेल शोधून देणाऱ्या आम्हा अभियंत्यांना जराही उसंत नव्हती. आदल्या वर्षी 13 एप्रिलला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामक संस्थेचा, म्हणजे एफसीसीचा, स्पेक्ट्रम लिलाव पूर्ण झाला होता आणि 614 ते 698 मेगाहर्ट्झ हा पट्टा, म्हणजेच 38 ते 51 क्रमांकांचे चॅनेल, टीव्हीकडून काढून घेऊन प्रामुख्याने मोबाईल सेवेला देण्यात आले होते. पूर्ण शक्तीच्या मोठ्या केंद्रांना एफसीसीने स्वतःच नवे चॅनेल नेमून दिले. लघुशक्ती केंद्रांचा दर्जा मात्र नियमाने दुय्यम आहे. त्यांनी मोठ्या केंद्रांना व्यत्यय आणायचा नाही, मोठ्यांकडून होणारा व्यत्यय मुकाट्याने सोसायचा आणि हुसकावले गेल्यास नवी जागा आपली आपण शोधायची. भारतात दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकांना सरकारच वारंवारिता ठरवून देत असे. इथे ती शोधण्याचा भार केंद्राच्या मालकावर पडतो. नव्या चॅनेलसाठी अर्ज भरण्याची मुदत 1 जूनला संपणार होती.

त्या महिन्यात एके दिवशी माझ्या हातात कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली या खोऱ्यातले एक छोटे केंद्र होते. ते स्पॅनिश आणि ह्माँग (आग्नेय आशियातून आलेल्या एका समाजाची भाषा) या भाषांतले कार्यक्रम दाखवत असे आणि त्याचे बहुतेक प्रेक्षक शेतांवर आणि फळांच्या पॅकिंगच्या कारखान्यांत राबणारे लोक होते. बहुतेक लघुशक्ती केंद्रांना आपल्याकडे घेण्याचे बंधन केबल कंपन्यांवर नसल्यामुळे हे केंद्र केवळ अँटेनावरच जगत होते. मालकांचा मुद्दा मला पूर्ण पटला होता: चॅनेल गेले, तर ह्माँग भाषेतल्या बातम्या त्या घरांत दुसऱ्या कोणत्याही वाटेने पोहोचणार नव्हत्या.

लिलावानंतर यूएचएफ, म्हणजे टीव्हीच्या वरच्या वारंवारितेच्या पट्ट्यात 14 ते 36 एवढेच चॅनेल उरले होते. एफसीसीने दिलेल्या टीव्हीस्टडी या संगणकप्रणालीत मी ते एकेक करून तपासायला घेतले. ही प्रणाली भूभागाचा चढउतार लक्षात घेऊन साऱ्या परिसराचे दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या अँटेनाला कोणाचा सिग्नल किती मिळेल, याचा हिशेब मांडते. नव्या केंद्रामुळे एखाद्या मोठ्या केंद्राच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक प्रेक्षकांना व्यत्यय होणार असेल, तर अर्ज मंजूर होत नाही. जे चॅनेल रस्त्यावर हातातल्या यंत्रावर निवांत रिकामे दिसते, ते बहुधा याच हिशेबात अडकते, कारण छतावरच्या अँटेनाला तिथे दूरच्या एखाद्या केंद्राचे चित्र व्यवस्थित मिळत असते. दुपारपर्यंत जवळजवळ सगळे चॅनेल बाद झाले. काहींवर त्याच खोऱ्यातली मोठी केंद्रे होती, तर काहींवर डोंगरापलीकडून पोहोचणारी.

त्याहून कमी वारंवारितेच्या व्हीएचएफ पट्ट्याच्या खालच्या भागात जागा होती, आणि घाईच्या दिवसांत अनेकांनी ती घेतलीही. मी ती सुचवली नाही. चॅनेल 3 साठी अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना जवळपास अडीच मीटरचा होतो. यूएचएफमध्ये हीच लांबी पंचवीस-तीस सेंटिमीटरांत बसते. भाड्याच्या खोलीत खिडकीला चिकटवलेल्या पातळ, चपट्या अँटेनावर व्हीएचएफचे चित्र येईल, अशी आशा बाळगणे म्हणजे कागदावर केंद्र जिवंत ठेवून प्रेक्षक गमावणे होते.

शेवटी यूएचएफमधले एकच चॅनेल उरले. त्यावर कोणी नव्हते. पण त्याला लागून असलेल्या चॅनेलवर 1000 किलोवॉट शक्तीचे मोठे केंद्र सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या डोंगरावरून प्रक्षेपण करत होते. आमच्या ग्राहकाचा टॉवर गावालगत, सपाटीवर होता. त्या जागेवरून हिशेब केला, तर व्यत्ययाचे लाल चौकोन नेमके गावावरच उमटत होते. दूर डोंगरावरून आलेला मोठ्या केंद्राचा सिग्नल तिथे क्षीण झालेला आणि आमचा मात्र हाकेच्या अंतरावरून येणारा. शेजारच्या चॅनेलचा सिग्नल हव्या त्या सिग्नलपेक्षा सव्वीस-अठ्ठावीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शक्तीने काहीशे पट, जोरदार असला तरी टीव्ही संच तो सहन करतो. गावात ही मर्यादा ओलांडली जात होती. शक्ती कमी करून आणि अँटेना फिरवून पाहिला. त्याने गावच आमच्या क्षेत्राबाहेर जाऊ लागले.

तेव्हा मी टॉवरच उचलून डोंगरावर ठेवून पाहिला. विस्थापित केंद्राला 48 किलोमीटरच्या आत जागा बदलता येते आणि तो डोंगर सुमारे 44 किलोमीटरांवर होता. दोन्ही सिग्नल एकाच माथ्यावरून निघाले, तर त्यांची वाट एकच असते. जिथे एक क्षीण होतो तिथे दुसराही जवळपास त्याच प्रमाणात क्षीण होतो, आणि त्यांच्यातला फरक खोरेभर साधारण तेवढाच राहतो. यूएचएफमध्ये लघुशक्ती केंद्राची कमाल मर्यादा 15 किलोवॉट आहे. 1000 आणि 15 यांतला फरक 18 डेसिबलचा. म्हणजे मोठ्या केंद्राला आमच्यापासून अजिबात धोका नव्हता आणि त्याच्या शेजारी असूनही आमचे चित्र टीव्ही संचाच्या सहनशक्तीच्या आत बसत होते. प्रणाली पुन्हा चालवली आणि लाल चौकोन नकाशावरून नाहीसे झाले. इतकी वर्षे हे काम करूनही त्या क्षणी मला अतोनात आनंद झाला, हे लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही. गावातले छतावरचे अँटेनाही मोठ्या केंद्रांसाठी आधीपासूनच त्या डोंगराकडे तोंड करून होते.

मालकांना फोनवर हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा होता आणि तो रास्तच होता. डोंगरावरच्या टॉवरवर माथ्याजवळची जागा परवडणारी नव्हती; खालच्या टप्प्यावर, बाजूला बसवलेल्या, खोऱ्याकडे झुकलेल्या दिशादर्शी अँटेनाने काम भागणार होते. माझी एक अट मात्र मी सोडली नाही. साधा फिल्टर स्वस्त मिळत असला तरी मोठ्या केंद्रांच्या दर्जाचाच फिल्टर घ्यायचा, कारण चॅनेलच्या कडेवरून सांडणारी ऊर्जा थेट शेजाऱ्याच्या चॅनेलमध्ये जाते आणि तिथे वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

मुदतीत आलेले सगळे अर्ज एकाच दिवशी आले असे मानले जाणार होते. त्यामुळे त्याच चॅनेलवर दुसऱ्या कोणी दावा केला असता, तर आधी तडजोड आणि ती न झाल्यास लिलाव, अशी वेळ आली असती. मोठ्या केंद्राला खेटून असलेले चॅनेल इतरांनी बहुधा विचारातच घेतले नसावे. आमच्या अर्जाला प्रतिस्पर्धी निघाला नाही आणि बांधकामाचा परवाना मिळाला.

प्रक्षेपण सुरू झाल्यावर मी गावात मोजमाप घेतले, तेव्हा दोन्ही सिग्नलांमधला फरक बहुतेक ठिकाणी अठरा डेसिबलच्या आसपास निघाला. गावाच्या पूर्वेला टेकडीच्या एका सोंडेआड शेतमजुरांची वस्ती आहे. जुन्या टॉवरचे चित्र तिथे दिसत असे. डोंगरावरचा सिग्नल मात्र त्या सोंडेमुळे अडतो. तिथल्या घरांसाठी एक छोटा ट्रान्सलेटर, म्हणजे सिग्नल घेऊन तो दुसऱ्या चॅनेलवर पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, बसवावा, असे मी मालकांना लिहून दिले आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या चॅनेलचा शोध मी विनामोबदला करून देणार आहे.