दुसऱ्यांदा ‘हेरेडिटरी’

आज दिवसभर पावसाने उसंत दिली नाही, म्हणून दिग्दर्शक ॲरी ॲस्टर यांचा २०१८ मधील ‘हेरेडिटरी’ हा भयपट घरीच पुन्हा पाहिला. कथा ठाऊक असूनही छातीवरचे दडपण या वेळी वाढलेच. अपघातानंतर (तपशील मुद्दाम टाळतो आहे) थोरला मुलगा पीटर मागे वळूनही न पाहता गाडी घरी आणतो आणि निमूटपणे अंथरुणावर जाऊन पडतो. सकाळी आई गाडीपाशी जाते, परंतु कॅमेरा पीटरच्या चेहऱ्यावरून हलत नाही आणि आपल्या कानी पडतो तो केवळ तिचा हंबरडा. भीषण दृश्य त्यानंतर येते खरे, पण तोवर घाव बसून गेलेला असतो.

टोनी कोलेट यांनी साकारलेली ही आई छोट्या प्रतिकृती घडवणारी कलाकार आहे. सुरुवातीलाच कॅमेरा अशाच एका इवल्याशा घरात शिरतो आणि पाहता पाहता ती खोली खरीखुरी होते, त्यामुळे ही माणसे कोणाच्या तरी हातातली खेळणी असावीत, अशी शंका तेव्हापासूनच मनात घर करते. शेवटी येणारा गुप्त पंथाचा खुलासा मात्र मला आजही पसरट वाटला. जेवणाच्या टेबलावरचे मायलेकांचे भांडण त्याहून कितीतरी भयंकर आहे.