टाक्या मिळतात, बुरशी अडते

तंत्रज्ञान हस्तांतरणाचा विषय निघाला की गप्पा क्रायोजेनिक इंजिनावर नाहीतर अणुभट्टीवर जातात. मला पेनिसिलिन जास्त बोलकं वाटतं. औषधच ते, त्यात कसलं राजकारण, असं वाटतं खरं. पण राजकारण कारखान्याच्या एकेका यंत्रापर्यंत कसं उतरतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या ‘अन्रा’ या मदत संस्थेने चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, युगोस्लाव्हिया, तसंच सोव्हिएत युक्रेन आणि बेलारूसला पेनिसिलिनचे कारखाने देऊ केले. तोवर शीतयुद्धाला तोंड लागलं होतं. चेकोस्लोव्हाकियाची गाडी अडली ती एका यंत्रावर: शिकागोच्या पॉडबिएल्निआक कंपनीचा सेंट्रिफ्यूगल एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गरगर फिरून पेनिसिलिन एका द्रवातून दुसऱ्यात ओढणारं यंत्र. अमेरिकेने त्याला निर्यात परवाना दिला नाही.

नेमकं हेच यंत्र का? बुरशी पेनिसिलिन तयार करते आणि टाकीतल्या द्रवात सोडते. बुरशी गाळून काढली की उरलेल्या द्रवात आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) २ ते २.५ वर आणतात, म्हणजे पेनिसिलिन सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात), जसं ब्युटिल किंवा अमाइल अ‍ॅसिटेटमध्ये उतरतं. पण पीएच २ ला, २४ अंश तापमानात, निम्मं पेनिसिलिन जेमतेम २० मिनिटांत नासतं. शून्य अंशाजवळ तेवढाच नास व्हायला चार तास लागतात. म्हणून द्रव बर्फासारखा थंड हवा आणि काम झटपट उरकायला हवं. साध्या टाकीत ढवळून थर बसायची वाट पाहिली, तर बुरशीतली प्रथिनं पाणी आणि सॉल्व्हंटचं ताकासारखं मिश्रण करून टाकतात आणि थर वेगळे व्हायचं नाव घेत नाहीत.

पॉडबिएल्निआकमध्ये मिनिटाला दोनेक हजार फेरे घेणारा ड्रम असतो आणि आत भोकं पाडलेल्या पत्र्यांची एकात एक कडी. जड द्रव शाफ्टजवळून आत सोडतात, हलकं सॉल्व्हंट परिघाजवळून. दोन्ही एकमेकांना छेदत उलट दिशांना धावतात आणि फार थोड्या वेळात वेगळे होऊन बाहेर पडतात. पुढे सॉल्व्हंटमधलं पेनिसिलिन पीएच ७ च्या आसपासच्या पाण्यात परत ओढायचं. या यंत्राचं दुखणं एकच. दोन आत जाणारे आणि दोन बाहेर पडणारे, असे चारही प्रवाह फिरत्या शाफ्टमधूनच जातात, त्यामुळे सील झिजतात. सील गेलं की सॉल्व्हंट गळतं, आणि अ‍ॅसिटेट पेट घेतं. म्हणजे एकदा यंत्र मिळालं तरी सुट्या सीलसाठी परवाना देणाऱ्या देशाकडे पुन्हा हात पसरणं आलंच.

१९४९-५० मध्ये सोव्हिएत गट जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडला. पेनिसिलिनच्या यंत्रांची अडवणूक हीसुद्धा त्या गटाची एक तक्रार होती.

भारताला या भांडणाचा फायदा झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५१ मध्ये युनिसेफ आणि आरोग्य संघटनेशी करार झाला. युनिसेफने यंत्रसामग्रीसाठी सुमारे साडेआठ लाख डॉलर दिले, संघटनेने तज्ज्ञ आणि प्रशिक्षण. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली (पिंपरीकरांची एच.ए. कंपनी) आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. कारखाना सरकारी असावा आणि तिथलं ज्ञान दडवलं जाऊ नये, हा त्या मदतीचा गाभा होता. पण संयुक्त राष्ट्रं तेच देऊ शकत होती जे आधीच खुलं होतं. जास्त उत्पादन देणारे बुरशीचे नवे वाण खासगी कंपन्यांच्या शीतकपाटात होते.

मग स्पर्धा लागली. पिंपरीच्या स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकसाठी अमेरिकेच्या मर्क या औषध कंपनीशी करार झाला, तर सोव्हिएत संघाने सवलतीच्या कर्जावर अख्खे कारखाने देऊ केले. त्यातून आयडीपीएल (इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स) ही सरकारी कंपनी आली: ऋषिकेशला अँटिबायोटिक्स, हैदराबादला संश्लेषित औषधं, मद्रासला शस्त्रक्रियेची उपकरणं. ऋषिकेशचे सोव्हिएत वाण उत्पादनात कमी पडले, आणि मद्रासची उपकरणं इथल्या सर्जनच्या हाताला बसेनात. कर्ज स्वस्त असलं म्हणून तंत्रज्ञान चांगलंच असतं असं नाही.

खरी मेख वाणात असते. १९४० च्या दशकाच्या मध्यात मिलिलिटरला हजारभर युनिट पेनिसिलिन म्हणजे चांगली बॅच. आजचे औद्योगिक वाण ५०,००० च्या वर जातात. टाकी तीच, वीज जवळपास तेवढीच, मग किमतीत कोण टिकणार ते उघड आहे. शिवाय वाण ही एकदा विकत घेऊन कपाटात ठेवायची वस्तू नाही. एका स्लँटवरून (तिरप्या पोषक थराच्या नळीवरून) दुसऱ्यावर करत राहिलं तर काही पिढ्यांत उत्पादन घसरतं. म्हणून गोठवून सुकवलेल्या मूळ कुप्या जपायच्या आणि प्रत्येक बॅच त्यांच्यापासून ठरावीक पायऱ्यांतच वाढवायची: स्लँट, फ्लास्क, सीड टँक, मग मोठा फर्मेंटर, म्हणजे बुरशी वाढवायची मुख्य टाकी.

तिथेही विकसनशील देशातल्या अडचणी करारात लिहिलेल्या नसतात. फर्मेंटर २५ अंशांच्या आसपास ठेवायचा, पण उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणीच त्याहून गरम, चिलर लागतो. वीज गेली की हवा बंद आणि काही मिनिटांत बुरशी गुदमरते. टाकीतला दाब उतरला की बाहेरचे जंतू सीलमधून, व्हॉल्व्हमधून आत शिरतात. त्यात पेनिसिलिनेज (पेनिसिलिन मोडणारं विकर) बनवणारा एखादा निघाला तर तयार झालेलं पेनिसिलिनही खाऊन टाकतो आणि आख्खी बॅच जाते. हवेचा फिल्टर ओला झाला तरी तीच गत. बुरशीचं खाद्य असलेलं, मक्याच्या स्टार्च उद्योगातलं कॉर्न स्टीप लिकर मिळालं नाही तर शेंगदाण्याची पेंड चालते, पण मग पेनिसिलिनच्या रेणूत जाणाऱ्या फेनिलअ‍ॅसेटिक आम्लाच्या हप्त्यांपासून सगळं नव्याने बसवावं लागतं. ते एकदम जास्त पडलं तर बुरशीलाच विष होतं.

पुढे चीनच्या स्वस्त पेनिसिलिन-जीपुढे इथले फर्मेंटर बंद पडले. २०२० मध्ये सरकारने बल्क ड्रगसाठी (औषधांच्या मूळ घटकांसाठी) पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली तेव्हा कच्च्या मालाची दोरी कुणाच्या हातात आहे, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तंत्रज्ञान हस्तांतरणाचा असा करार वाचायची वेळ आली तर मी यंत्रांची यादी शेवटी वाचेन. आधी पाहायचं: मूळ कुप्या किती आणि हरवल्या तर पुन्हा मिळतील का? पुढची पाच-दहा वर्षं देणाऱ्याने वाण सुधारला तर तो आपल्याला मिळेल का? आणि आपण सुधारला तर मालकी कुणाची? युनिटची हमी कुठल्या कच्च्या मालावर आहे, त्यांच्या की आपल्या? चाचणी कुणाच्या फर्मेंटरमध्ये, कुठल्या महिन्यात? जानेवारीत हमी सिद्ध करून पाहुणे परत गेले तर मे महिन्याचा हिशेब आपल्या गळ्यात. सुटे भाग तिसऱ्या देशाच्या परवान्यावर अवलंबून असतील तर त्या भागांची यादी वेगळी मागायची, आणि दोन वर्षांचा साठा पहिल्याच खेपेत.