तुम्ही विचारलंत म्हणून: किडा नवीन आहे हे कळतं कसं?

गणपतीत मावशीने विचारलं, सोसायटीतल्या काकांनी लिफ्टमधे विचारलं, आणि मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या आईनेही, की सर, गवतावरचा एवढासा किडा, तो नवीन प्रजातीचा आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? (पुस्तकी मराठीत खरं तर 'जाती' म्हणायचं, पण तो शब्द काढला की समोरच्याचा चेहरा बदलतो, म्हणून प्रजाती.)

तर कोणीच सांगत नाही. उलट तो नवीन नाहीये हे सिद्ध करायचा जीव तोडून प्रयत्न करायचा, आणि सगळे प्रयत्न फसले की मग नाइलाजाने नवीन म्हणायचं. हेच माझं काम.

किडा म्हणजे थ्रिप्स, आपले फुलकिडे. कांदा किंवा मिरची लावणाऱ्या कोणालाही विचारा, शिव्यांसकट माहिती मिळेल. लांबी एक-दीड मिलिमीटर, पंख म्हणजे एक काडी आणि तिला दोन्ही बाजूंनी झालर. गंमत तोंडात आहे. याला जबडा फक्त डावा, उजवा वाढतच नाही. त्या डाव्याने पानाला भोक पाडायचं आणि बारीक नळीने पेशीतला रस ओढून घ्यायचा. रिकाम्या पेशीत हवा भरते म्हणून पानावर चंदेरी ओरखडे दिसतात आणि मधेमधे काळे ठिपके, ती त्यांची शी. मला हे ओरखडे पुण्याजवळ भूगावच्या पुढे एका मित्राच्या प्लॉटवर दिसले, बांधावरच्या मारवेल गवतावर, आम्ही खरं तर कुंपणाचं बघायला गेलो होतो.

पकडायला काही भारी लागत नाही, बोहरी आळीतून आणलेला पांढरा प्लास्टिकचा ट्रे, गवताचा झुपका त्यावर आपटायचा, स्वल्पविराम चालायला लागल्यासारखं काहीतरी हललं की ओल्या ब्रशने टिपून अल्कोहोलच्या बाटलीत. खरा वेळ पुढे जातो. सौम्य कॉस्टिकमधे ठेवून पोटातलं सगळं विरघळवायचं, मग पाणी काढायला चढत्या अल्कोहोलमधून न्यायचं, मग लवंगेचं तेल (घरी डेंटिस्टच्या दवाखान्यासारखा वास येतो, बायकोने आता बोलणं सोडलंय), मग कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकात पाय-पंख-मिश्या पसरून काचेवर बसवायचा आणि ओव्हनमधे काही आठवडे वाळवायचा. पाय दुमडला की गेला.

आणि मग मोजत बसायचं. मिशीला सात भाग का आठ, डोक्यावर तीन साधे डोळे असतात त्यांच्या मधली केसांची जोडी आत आहे का बाहेर सरकलीये, पंखाच्या शिरेवर केसांची रांग सलग आहे का मधे तुटते, पोटाच्या आठव्या भागाच्या कडेला कंगवा आहे का नाही. जगात थ्रिप्सच्या ६०००च्या वर प्रजातींना नावं दिलेली आहेत, त्यातल्या जवळच्या सगळ्यांची मूळ वर्णनं काढून ताडून बघायची. भारतात कीटकशास्त्रज्ञ टी. एन. अनंतकृष्णन यांनी यावर डोंगराएवढं काम करून ठेवलंय, त्यामुळे आपल्याला काही सापडलं की पहिली शंका हीच, की त्यांनी आधीच लिहिलं असणार. काही वर्णनं चार ओळींची, जुनी, मग ज्या नमुन्यावरून नाव दिलं ती स्लाइड जिथे जपलीये तिथून तिचे फोटो मागवायचे. आणि किडा गवतावर सापडला म्हणून नुसत्या गवतावरच्याच प्रजाती शोधून भागत नाही, नावावरूनही फसायला होतं. कांद्याचा शत्रू थ्रिप्स टबॅसी, त्याचं १८८९ सालचं नाव तंबाखूवरून आलंय, आता बोला.

मी एकदा तोंडावर पडलोय म्हणून एवढा घाबरतो. आखूड पंखांचा, साधे डोळे जवळजवळ गायब झालेला असा एक गवतावरचाच मिळाला होता आणि मी महिनाभर मनातल्या मनात पेपर लिहीत होतो. एका ज्येष्ठ सरांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर एका ओळीचं, "त्याच बाटलीतले लांब पंखवाले बघितलेस का?" बघितले. तीच प्रजाती, काही थ्रिप्समधे एकाच प्रजातीत दोन्ही प्रकार निघतात. रंगावर तर अजिबात जाऊ नये, थंडीत वाढलेला टबॅसी गडद होतो.

नाव काय ठेवलं हेही विचारता. स्वतःचं ठेवायला नियमात बंदी नाही पण लोक हसतात. आणि वर्णन छापून यायच्या आधी नुसतं नाव बाहेर आलं तर त्याला नोमेन नूडम म्हणतात, शब्दशः नागडं नाव, त्याला मान्यता नसते. म्हणून मावशीलाही सांगितलेलं नाही आणि ती त्यावर रुसलीये.

सध्या या भूगावच्या किड्यावरचा माझा शोधनिबंध, म्हणजे पेपर, अडकलाय. माझ्याकडे ११ माद्या आहेत, नर एकही नाही, आणि पेपर तपासणाऱ्याला नर हवाय. थ्रिप्समधे नर होतो तो फलन न झालेल्या अंड्यातून, आणि काही प्रजातींत तो क्वचितच दिसतो, हे त्यालाही माहिती आहे, तरी म्हणतो बघा जरा. म्हणून परत ट्रे घेऊन भूगाव. मित्राला बजावून ठेवलंय की दसऱ्यापर्यंत बांधावरचं गवत कापू नको, तो बिचारा ऐकतो, शेजारच्यांची म्हैस ऐकत नाही.