प्राध्यापकांचा सराव पाठ

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९९० पासून एक कायदा आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला इंग्रजी नीट बोलता येतं की नाही, याची खात्री संस्थेनं करून घ्यायची. कायदा देशी-परदेशी असा भेद करत नाही. आमच्या विद्यापीठात मात्र तोंडी परीक्षेला बसवतात ते आम्हा बाहेरून आलेल्यांनाच. उदगीरकडच्या महाविद्यालयात मी काही वर्षं बी.एस्सी.च्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झाले, आणि इथे पीएच.डी. करता करता पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घ्यायची म्हटल्यावर आधी दोन अनोळखी माणसांसमोर बसून ‘आम्लारी’ इंग्रजीत समजावून दाखवा! हे मला लागलं, आणि अजून लागतं. आमच्याच तुकडीत इथला एक मुलगा होता. तो बोलताना अर्धे शब्द गिळतो, वाक्याचा शेवट तर ऐकूच येत नाही. त्याला कुणी परीक्षेला बसवलं नाही, कारण त्याचा जन्म इथला. पोरांना त्याचं कळतं की माझं, हे तपासायचं असेल तर दोघांनाही वर्गात उभं करून तपासा, माझी ना नाही. तेव्हाही मी हेच म्हणाले होते आणि आजही माझं तेच मत आहे.

त्या परीक्षेनंतर, सत्र सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये सगळ्या नव्या शिकवणाऱ्यांना एकत्र बसवून जी तयारी करून घेतली, तिच्याबद्दल लिहायला मी खरं म्हणजे बसले आहे. इथे ती सगळ्यांनाच करावी लागते, त्या शब्द गिळणाऱ्या मुलालाही.

बरंचसं आपल्याला नवं नाही. जर्नल तपासताना एका पोराला झुकतं माप द्यायचं नाही, वेळेत तपासून परत द्यायचं, गुणांची यादी नावासकट भिंतीवर लावायची नाही. यातलं शेवटचं तेवढं आपल्याकडे वेगळं आहे. इथे १९७४ च्या कायद्यानं पोराचे गुण ही त्याची खासगी बाब आहे, आईवडिलांनाही परस्पर सांगता येत नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हे अजून पटत नाही.

एक गोष्ट मात्र फार आवडली. सगळ्यांना एकाच जर्नलची झेरॉक्स दिली आणि वेगवेगळं बसून तपासायला सांगितलं. कुणी दहापैकी नऊ दिले, कुणी पाच. मग गुण कशाला दिले आणि कशाला कापले, हे ज्याचं त्यानं सांगायचं. नऊवाल्यानं सुबक आलेख पाहिला होता, पाचवाल्यानं त्रुटींची चर्चा नाही म्हणून हात आखडला होता. दुपारपर्यंत वाद घालून सगळ्यांचं एक माप ठरलं. आपल्याकडे कॅप सेंटरला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, आदर्श उत्तरं हातात देतात, पण असं सोबत बसून, आपापलं माप उघडं करून वाद घालायची सवय कुणी लावत नाही.

मग प्रत्येकानं काही मिनिटांचा पाठ घ्यायचा, कॅमेऱ्यासमोर. बाकीचे विद्यार्थी. तो मुलगा टायट्रेशनवर बोलला. ब्युरेट, फिनॉल्फ्थॅलिन, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, सगळं बरोबर सांगितलं. मधे मधे ‘सगळ्यांना कळलं ना?’ असं विचारायचा आणि पुढे जायचा. नंतर आमची तयारी करून घेणाऱ्या बाईंनी तोच भाग पडद्यावर लावला. केस पिकलेल्या, आवाज न चढवणाऱ्या बाई. आधी त्यालाच विचारलं, तुला यातलं काय ठेवावंसं वाटतं. मग आम्हाला विचारलं. शेवटी त्यांनी एकच गोष्ट बदलायला सांगितली. चित्रफीत त्याच्या प्रश्नावर आणून सोडली आणि म्हणाल्या, आता मोजा. प्रश्न संपल्यापासून त्याचं पुढचं वाक्य सुरू होईपर्यंत एक सेकंदही गेला नव्हता.

तिथून पुढे अर्धा तास त्या एका सेकंदावरच बोलणं झालं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाचे वर्ग ध्वनिमुद्रित करून तपासले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतो आणि मग स्वतःच उत्तर देतो, नाहीतर दुसऱ्याला उठवतो. तेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं, तर पोरांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी तोंड उघडतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. नव्या माणसाला शांतता सोसत नाही. पोरं गप्प म्हणजे आपलं चुकलं, असं त्याला वाटतं. म्हणून बाईंनी आम्हाला प्रश्न विचारून गप्प उभं राहायचा सराव दिला. खरंच, नुसतं उभं राहायचा. शिवाय ‘कळलं ना’ विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर ‘हो’ याशिवाय येतच नाही. त्याऐवजी विचारायचं, ‘रंग गडद गुलाबी झाला, तर आकडा जास्त येईल की कमी?’ मग ज्याला कळलं नाही तो आपोआप दिसतो.

आपल्या वर्गांतलं ‘समजलं का?’ आणि त्यावरचं एका सुरातलं ‘हो सर’ मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात शिकलेल्याच्या कानात असेल. पण मला त्या खोलीत बी.एस्सी.ला आम्हाला शिकवणारे एक सर आठवले. प्रश्न विचारला की ते आमच्याकडे पाठ करायचे आणि डस्टर घेऊन फळा पुसायला लागायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश. फळा स्वच्छ असला तरी पुसायचे. तेवढ्यात मागच्या बाकावरून, आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी शब्दांना बिचकणाऱ्या पोरींतून, कुणीतरी चाचरत उत्तर द्यायचं. पाठमोऱ्या सरांसमोर चुकायची लाजही वाटायची नाही. त्यांनी कुठलं संशोधन वाचलं नव्हतं. त्यांना हे कुणी शिकवलंही नव्हतं. शंभरावर पोरांच्या वर्गात उभं राहून ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

त्या रात्री आक्काला फोन केला. ती औसा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. सगळं ऐकून म्हणाली, “अगं, आमच्या डी.एड.ला हेच तर होतं की. सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटं परत टाचण काढायचं, मग पुन्हा सहा अन् सहा. प्रश्न कौशल्य वेगळं, फलक लेखन वेगळं. तुमच्या प्राध्यापकांकडून कुणी करून घेत नाही व्हय?”

नाही घेत. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जन्मलं, आपल्याकडे आलं, आणि आपल्या शिक्षणशास्त्राच्या लोकांनी त्याचं छत्तीस मिनिटांचं चक्र बसवलं. म्हणजे अमेरिकेत येऊन मी जे केलं, ते माझ्या बहिणीनं गावाकडे केव्हाच केलं होतं. याचा मला अभिमान आहे. पण पहिलीच्या पोराला शिकवायचं तर पदविका लागते, आणि बी.एस्सी.च्या पोराला शिकवायला विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट पुरते. त्या परीक्षेचा पन्नास प्रश्नांचा पहिला पेपर, त्यात दहा घटक, अध्यापन अभियोग्यता हा त्यातला एक. फळ्यासमोर एकदाही उभं न राहता तो सुटतो. मग तासिका तत्त्वावर ऑर्डर येते, तीही सत्र अर्धं सरत आल्यावर, आणि कमरेला भोपळा न बांधता विहिरीत ढकलल्यासारखं माणसाला वर्गात सोडतात.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनची केंद्रं. संभाजीनगरच्या विद्यापीठातही असं केंद्र आहे. पण तिथला ओरिएंटेशन कोर्स माणूस नोकरीत स्थिर झाल्यावर करतो, कारण तो पदोन्नतीला लागतो. पहिल्या तासाआधी कुणी करत नाही, आणि दर वर्षी जिचा करार संपतो त्या तासिकावाल्या मॅडमच्या वाट्याला तो क्वचितच येतो.

इथल्या लोकांनाही मी हे सुनावते. माझ्या प्रयोगशाळेत चोवीस पोरं असतात, सगळी इंग्रजी बोलतच वाढलेली. उदगीरच्या वर्गात एकच संकल्पना मराठीत उलगडायची, परीक्षेसाठी इंग्रजीत लिहून घ्यायची, आणि त्यातही शेतातली कामं आटोपून एसटीनं येणारा पोरगा मागे राहू द्यायचा नाही, हे कौशल्य यांच्या कुठल्याही प्रशिक्षणात नाही. त्यावर अभ्यास व्हायला हवा. तो आपणच करायला हवा.

“मग तू का गेलीस?” असं गावाकडे विचारतात. कायम जागा निघत नव्हत्या आणि तासिकांच्या पैशांवर घर चालत नव्हतं. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. तिकडे शिकवायचं मन नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये.

आणि यातलं फार थोडं खर्चाचं आहे. आपल्या कितीतरी संस्थांचं वरिष्ठ महाविद्यालय आणि बी.एड.चं कॉलेज एकाच आवारात असतं, मधे एक मैदान. त्या मैदानापलीकडे सूक्ष्म अध्यापन रोज करून घेणारी माणसं बसलेली आहेत. नव्या प्राध्यापकाच्या वर्गात त्यांच्यापैकी एकाला मागच्या बाकावर बसवायचं, पाठ मोबाइलवर टिपायचा, आधी त्या प्राध्यापकालाच विचारायचं आणि बदलायला एकच गोष्ट सांगायची. एवढं तर होईल?

माझी जुनी सहकारी अजून तिथेच तासिका घेते. इथला निरीक्षणाचा कागद मी मराठीत करून तिला पाठवला. त्यात आक्कानं फलक लेखनाचा रकाना वाढवला, इथल्या कागदात तो नव्हताच. प्राचार्यांनी आधी प्रवेश होऊ द्या म्हणून सांगितलंय. तिनं थांबायचं नाही असं ठरवलंय. बी.एड.च्या एका मॅडम तिच्या आणि गणिताच्या नव्या सरांच्या तासाला बसायला तयार झाल्यात. आणखी कुणाला तो कागद हवा असेल, तर मला कळवा, मी पाठवते.